बोलता बोलता गाणं

संगीत नाटकात एक क्षण असा येतो, जो नेमका कुठे सुरू झाला ते कधीच सांगता येत नाही. नायिका सखीशी बोलत असते. वाक्य संपत येतं. शेवटच्या दोन शब्दांवर आवाज जरासा रेंगाळतो, समोर खाली बसलेला ऑर्गनवादक एक सूर हलकेच धरून ठेवतो, आणि आपल्या ध्यानात येतं की ती आता गातेय. कधीपासून गातेय? मागे जाऊन शोधलं तरी सापडत नाही. बोलणं संपलं ती जागा नाही आणि गाणं सुरू झालं तीही जागा नाही.

मला गायकनटाच्या साऱ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं नवल ह्या सांध्यात वाटतं. ताना घेणारे गवई महाराष्ट्राला कमी पडले नाहीत. कसदार नटही कमी पडले नाहीत. पण बोलता बोलता गाण्यात शिरणारा आणि गाता गाता पुन्हा बोलण्यात उतरणारा, तोही भूमिकेतून तसूभर न हलता, असा माणूस घडणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. त्याला एक अख्खी व्यवस्था लागली, आणि ती व्यवस्था जेमतेम पन्नास वर्षं टिकली.

सुरुवातीला हा सांधा नव्हताच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं म्हणायचा तो सूत्रधार. पात्रं त्याच्या गाण्यावर हावभाव करायची आणि मग ऐनवेळी सुचेल ते बोलायची. गाणारा एक, भोगणारा दुसरा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला आणि गाणं सूत्रधाराच्या तोंडून काढून थेट पात्रांच्या तोंडी दिलं. आज वाचताना ही बारीकशी दुरुस्ती वाटते, पण तिने एका नव्या जातीच्या कलावंताची गरज निर्माण केली. संपूर्ण 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं. ती दुष्यंताने म्हणायची, शकुंतलेने म्हणायची, कण्वाने म्हणायची. शकुंतला पुन्हा पुरुषानेच करायची, कारण घरंदाज बायकांनी रंगभूमीवर यायची तेव्हा सोय नव्हती.

आता हा पेच पाहा. मुलगा बारा-चौदा वर्षांचा होतो तेव्हा त्याच्या गळ्यातल्या स्वरतंतूंची लांबी वाढते, ते जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा हे तंतू सेकंदाला साधारण सव्वाशेच्या आतबाहेर वेळा कंप पावतात, बाईचे दोनशेच्या आसपास. म्हणजे गोड गळ्याचा पोरगा नाटक मंडळीने आणावा, जेवू घालावं, शिकवावं, आणि तो तयार होतो न होतो तोच त्याचा आवाज फुटावा. किती पोरांची कारकीर्द ह्या एका वळणावर संपली असेल! भास्कर बखले हा त्यातलाच एक. किर्लोस्कर मंडळीत लहानपणी कामं करणाऱ्या ह्या मुलाचा आवाज फुटला, रंगभूमी सुटली आणि तो उस्तादांच्या दारी गाणं शिकायला गेला. पुढे तेच गायनाचार्य भास्करबुवा झाले, आणि नाटक मंडळ्यांना त्यांच्या पायाशी यावं लागलं.

थोड्या भाग्यवंतांचा आवाज मात्र बदलूनही वरच्या पट्टीत मोकळा फिरत राहतो. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर असे होते. शकुंतला आणि सुभद्रा त्यांनी गाजवल्या, आणि १९०१ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. किर्लोस्कर मंडळीला नवा गळा हवा होता.

तो मिळाला नारायण श्रीपाद राजहंस ह्या मुलात. जन्म २६ जून १८८८. लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटलं, असं परंपरेने सांगितलं जातं. पण ह्या गंधर्वाला नीट ऐकू येत नव्हतं! शाहू महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात पाठवलं, तिथे कानावर उपचार झाले, आणि त्याच मिरजेत १९०५ साली तो शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभा राहिला. ज्याच्या सुरेलपणाची साक्ष पुढे तीन पिढ्या देत राहिल्या, त्याचा प्रवास कानाच्या डॉक्टरकडून सुरू झाला, हे मला अजूनही पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं.

मंडळी म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. मंडळी म्हणजे फिरतं बिऱ्हाड. मालक किंवा भागीदार, पगारी नट, साथीदार, आचारी, पडदे सांभाळणारे, आश्रित पोरं, सगळे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, आज मिरज तर पुढच्या महिन्यात हुबळी. सकाळी रियाज, दुपारी तालीम, रात्री प्रयोग. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर वाक्य कुठे तोडायचं, नजर कुठे ठेवायची ते शिकवायचा, आणि भास्करबुवांसारखा गुरू राग शिकवायचा. एकाच पोराला एकाच छपराखाली दोन्ही विद्या मिळत होत्या, त्यामुळे त्या त्याच्या अंगात वेगवेगळ्या राहतच नव्हत्या. सांधा बुजायचा तो इथे, प्रेक्षकांनी पाहण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

आता आवाजाचं. माणूस साधं बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या लाखाव्या हिश्शाच्या घरातली असते. गाताना ती पुष्कळ वाढते, तरी एका वॅटच्या आतच राहते. एवढ्या भांडवलावर मायक्रोफोनचं नावही नसताना पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं, रडणारी पोरं आणि गॅसबत्त्यांची घरघर ओलांडून, मध्यरात्र उलटेपर्यंत. नुसता जोर लावला तर तासाभरात घसा बसेल. इथे नटाच्या मदतीला ऐकणाऱ्याचा कान येतो. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या ह्या लांबीमुळे सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या टापूत आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो. मूळ सूर खालचा असला तरी त्याच्यासोबत निघणारे वरचे स्वनक ह्या टापूत पडतात. तोंड नीट उघडून, स्वर स्वच्छ ठेवून, व्यंजन दातांवर ठळक वाजवून गाणारा नट हे वरचे स्वनक उजळतो, आणि मग थोडा आवाजही लांब जातो. मंडळीतले लोक त्याला 'फेक' म्हणायचे. ध्वनिशास्त्राचं पुस्तक न उघडता, प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी हे शोधून काढलं होतं.

शब्द स्वच्छ हवा ह्याला दुसरंही कारण होतं. पद म्हणजे पात्राचं बोलणंच. शब्द कळला नाही तर नाटक थांबलं. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकल्या की दिसतं, त्यांची तान शब्दाच्या पोटातून निघते आणि शब्दाच्या अर्थाशी परत येते. लय हलती, समेवर येताना घाई नाही. शब्द बोलताना जिथे वजन पडेल तिथेच गातानाही पडतं. म्हणूनच बोलण्याचा धागा तुटत नाही.

ह्या धाग्याची सगळ्यात कठीण परीक्षा 'एकच प्याला'त झाली. नाटक राम गणेश गडकऱ्यांचं. २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले आणि पुढच्या महिन्यात बडोद्यात पहिला प्रयोग झाला. गद्य गडकऱ्यांचं, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि चाली गायिका सुंदराबाईंकडून आलेल्या. तीन माणसं, तीन स्वभाव. पल्लेदार, अलंकारांनी ओथंबलेलं ते गद्य, त्याच्या शेजारी साधी घरगुती पदं, आणि त्यांना ठुमरी-गझलेच्या मुलखातून आलेल्या चाली. कागदावर हे जुळायला नको. पण सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि प्रेक्षकांना तीन ऐवजी एकच बाई दिसली, दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारात उभी असलेली. श्रेय लेखकाला द्यायचं, कवीला की चालींना, हा प्रश्न माझ्या मते तिथे उरत नाही. शिवण नटाने घातली होती.

आणि ह्या सगळ्याला साथ कुणाची? १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्यात पुढे सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा बसले. थिरकवा! मैफलीत ज्याच्यासाठी लोक रात्र जागवत, तो नाटकात नटाच्या श्वासावर नजर ठेवून ठेका धरत होता. 'स्वयंवर' नाटकाच्या चाली १९१६ साली भास्करबुवांनी बांधल्या, भूप, यमन, बिहाग अशा रागांत, आणि रुक्मिणीच्या तोंडून हे राग ख्यालाची पायरी न चढलेल्या हजारो माणसांच्या घरात गेले. आजही खेड्यातला म्हातारा रागाचं नाव सांगू शकत नाही, पण पद गुणगुणतो तेव्हा राग बिनचूक असतो.

दुसऱ्या टोकाची कारकीर्द केशवराव भोसल्यांची. कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. लहानपणी देवलांची शारदा करून लोकांना रडवणारा हा मुलगा, १९०८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढून बसला. पुढे स्त्रीभूमिकेतून नायकाकडे वळला, जे फार थोड्यांना साधलं. आवाज उंच, धारदार, अंगावर येणारा. बालगंधर्वांचा मऊ आणि लडिवाळ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोघे एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी, नाटककार खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. लोक त्याला संयुक्त मानापमान म्हणतात आणि अजून कालच पाहिल्यासारखे बोलतात. तीन महिने पुरे व्हायच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. कोल्हापुरात त्यांच्या नावाचं जे नाट्यगृह आहे ते ऑगस्ट २०२४ मध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत होरपळलं. त्यांचा आवाज नाट्यगृहात घुमलेला ऐकणारं तर आता कुणीच राहिलेलं नाही.

मग १९३१ साली बोलपट आला. 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये निघाला तेव्हा हरिश्चंद्राचं काम आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचंच होतं, म्हणजे नाटक मंडळीच पडद्यावर गेली असं म्हणायला हरकत नाही. पण लवकरच पार्श्वगायन रूढ झालं. गाणारा एक, दिसणारा दुसरा, आणि दोघांना जोडणारा संकलक. भाव्यांच्या काळातला सूत्रधार जणू नव्या वेषात परतला. बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा'त १९३५ साली एकनाथांचं काम केलं, पण तुकड्यातुकड्यांत होणारा तो अभिनय त्यांच्या जिवाला मानवला नाही. ते नाटकाकडे परतले आणि साठीच्या घरातही साडी नेसून उभे राहत होते. नाटकगृहांची चित्रपटगृहं होत गेली, मंडळ्या मोडल्या, आणि पोराला दोन्ही विद्या एकत्र देणारं ते बिऱ्हाडही उठलं.

१५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्व गेले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' आलं. त्यातल्या खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. लष्कराच्या हिशेब खात्यात चोवीस वर्षं नोकरी करून मोकळे झालेले. ज्या वयात जुन्या मंडळीतला नट उताराला लागायचा, त्या वयात ह्या माणसाची रंगभूमीवरची खरी कारकीर्द उघडली. ह्यात मला अपघात दिसत नाही. मंडळी संपल्यावर दोन्ही विद्या एकाच अंगात यायच्या तर इतकी वर्षं लागणारच होती. जितेंद्र अभिषेकींनी चाली बांधल्या, आणि खाँसाहेब रागावतो तेव्हाचा फुत्कार आणि त्याच्या गाण्यातली तान एकाच छातीतून निघतात, हे महाराष्ट्राने पुन्हा पाहिलं.

एक मोठी चुटपूट राहते. त्या काळची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचीच असायची. त्यामुळे पदं उरली, पण पदाआधीचं वाक्य उरलं नाही. बालगंधर्व कसे गायचे ते आपण ऐकू शकतो, ते गाण्यात कसे शिरायचे ते नाही. तबकडीवर थेट सूरच लागतो.

तरी सांधा पाहायचा असेल तर जागा आहेत. राज्याच्या संगीत नाट्य स्पर्धेत दरवर्षी हौशी मंडळी उतरतात. गोव्यात तर देवळांच्या जत्रा आणि उत्सवांत गावचेच शिक्षक, दुकानदार, बँकेतले कारकून रात्री 'सौभद्र' किंवा 'मत्स्यगंधा' उभं करतात, पेटी-तबला शेजारच्या वाड्यावरचा असतो. तिथे पुढच्या रांगेत बसावं, पदाची वाट न बघता त्याच्या आधीच्या वाक्याकडे कान ठेवावेत, आणि पेटीवाला पहिला सूर नेमका कोणत्या शब्दाखाली सरकवतो ते पकडायचा प्रयत्न करावा.