चाळिशीच्या उंबरठ्यावर गुन्हाशास्त्र



गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं माझी एक जुनी विद्यार्थिनी दारांत येऊन उभी राहिली. वय ३९. बारावी होतांच तिचें लग्न झालें, आणि पुढें १५ वर्षें एका बालगृहांत ती काळजीवाहक म्हणून राबत आली. हातांत एक रंगीत माहितीपत्रक होतें. "गुरुजी, गुन्हाशास्त्राची पदवी घ्यावी म्हणतें. फी साठ हजार आहे. तेवढे जमले आहेत. भरूं कां?"

मी स्वतः मॅट्रिक. त्यावर शिक्षकाची पदविका काय ती जोडलेली. पदवीसंबंधीं मीं सल्ला द्यावा हें थोडें धाडसाचेंच. परंतु एका बाबतींत माझा अधिकार मोठा आहे. पंचविशींत असतांना टपालानें शिकविणाऱ्या एका संस्थेस मीं तीन महिन्यांचा पगार भरला होता, आणि दोन वर्षांनीं जें प्रमाणपत्र हातीं आलें तें खात्यानें वाचूनसुद्धां पाहिलें नाहीं. तेव्हां मी म्हणालों, "बैस. पैसे आज भरूं नकोस."

पत्रकावर भिंग, बोटांचे ठसे आणि एक कवटी अशीं चित्रें होतीं. त्यावरूनच घोटाळा ध्यानांत आला. गुन्हाशास्त्र म्हणजे क्रिमिनॉलॉजी, आणि न्यायसहायक विज्ञान म्हणजे फोरेन्सिक, हीं सख्खीं भावंडें नव्हेत. शेजारीं राहतात एवढेंच. रक्त, विष, ठसे, हस्ताक्षर यांची परीक्षा दुसरें करतें. त्याला प्रयोगशाळा लागते आणि प्रवेशाला बहुधा बारावीचें विज्ञान. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें, सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत अशा तज्ज्ञानें घटनास्थळीं जाणें आवश्यक ठरविलें आहे. राज्यांना त्यासाठीं पांच वर्षांची मुदत आहे. तेव्हां तरुणांचा ओढा तिकडे वाढला तर नवल नाहीं. आमची बाई मात्र कलाशाखेची. तें दार तिला नव्हतेंच.

गुन्हाशास्त्राचे प्रश्न निराळे. मनुष्य गुन्हा कां करतो, समाज त्यावर काय करतो, आणि शिक्षा भोगून आलेल्याचें पुढें काय होतें? इटलीच्या बेक्कारियानें १७६४ सालींच लिहून ठेवलें कीं, शिक्षेच्या क्रूरपणापेक्षां तिची निश्चिती गुन्ह्यास अधिक आवरते. १८७६ सालीं त्याच देशांतील लोंब्रोझो नांवाच्या वैद्यानें कवट्या मोजून, जन्मतःच गुन्हेगार असलेला मनुष्य ओळखतां येतो असें प्रतिपादिलें. हा सिद्धान्त पुढें टिकला नाहीं. पण त्याच्याही आधीं, १८७१ सालीं, आपल्याकडे इंग्रज सरकारनें कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविण्यास प्रारंभ केला होता. तो कायदा १९५२ सालीं गेला; लोकांच्या मनांतून गेला नाहीं. माझ्या वर्गांत कुणाची पेन्सिल हरवली म्हणजे सर्वांची नजर आधीं एकाच बाकाकडे वळे, आणि मुलांचीच काय, माझीही वळे, हें सांगतांना आजही जीभ अडखळते. हें शास्त्र शिकावें तें याकरितां.

आतां पदवी कोठली घ्यावी? तरुण मुलगा विद्यापीठाचें नांव पाहतो, आणि तें योग्यच आहे. सागरच्या विद्यापीठांत हा विषय १९५९ पासून शिकविला जातो. मुंबईस देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. परंतु तेथें राहून शिकावें लागतें. सासू, दोन मुलें आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईनें उलट्या टोकाकडून निघावें असें माझें मत. जी जागा मिळवावयाची तिची जाहिरात आधीं वाचावी, विद्यापीठाचें पत्रक मागाहून.

तिच्या मनांत बालगृहांत समुपदेशक व्हावयाचें होतें. आम्हीं जुन्या वर्तमानपत्रांतून तसल्या जाहिराती काढल्या. त्यांत समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांच्या पदव्या मागितलेल्या. गुन्हाशास्त्राचें नांव नव्हतें. 'किंवा समकक्ष' हे शब्द कोठें कोठें होते. पण त्यांचा अर्थ एखादा कारकून उदारपणें लावील अशी आशा मी तरी ठेवणार नाहीं. खात्यांत माझीं ३३ वर्षें गेलीं आहेत.

वयाचेंही पाहिलें. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत शिरण्याची सर्वसाधारण मर्यादा खुल्या वर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ वर्षें. शिकण्यास मर्यादा नाहीं, नोकरीस आहे, हें त्या पत्रकांत कोठेंच नव्हतें. ती खुल्या वर्गांतली. म्हणजे ते दरवाजे बहुतेक मिटलेले. उरल्या त्या खासगी सेवाभावी संस्था. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवकही असतात. त्या कामाला तर पदवीची अटच नाहीं.

घरीं राहून शिकावयाचें तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी पाहावी. नुसतें विद्यापीठाचें नांव पुरत नाहीं. तो अभ्यासक्रम आणि तें सत्र तींत असलें पाहिजे. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचें, दिल्लीचें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ सालचें. आधीं समाजशास्त्र घेऊन बी.ए., आणि मग हौसेनें व गरजेनें फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदविका, असा क्रम मीं सुचविला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानें एका वर्षानें प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनीं पदविका घेऊन थांबण्याची, व पुन्हां येण्याची सोय सांगितली आहे. ती आपल्या विद्यापीठांत प्रत्यक्ष लागू आहे कीं नाहीं हें लेखी विचारावें. सासूच्या आजारपणांत वर्ष बुडालें तर सारें पाण्यांत जाऊं नये.

पुस्तकानें मात्र हा विषय पुरा होत नाहीं. आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानें १९३९ सालीं कैद्यांसाठीं ही भिंती नसलेली वसाहत वसविली. कैदी शेती करीत व कुटुंबासह राहत. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. परवानगी काढून तें एकदां पाहून ये, असें मीं तिला सांगितलें.

तिनें त्या साठ हजारांच्या संस्थेस माझ्यासमोरच दूरध्वनि केला व यादीविषयीं विचारलें. "मान्यता प्रक्रियेंत आहे," असें उत्तर आलें. तिनें पैसे पुन्हां डब्यांत ठेवले.

आतां ती बी.ए.च्या पहिल्या वर्षास आहे. स्वाध्याय लिहून माझ्याकडे आणते; मी ऱ्हस्वदीर्घ तपासतों. परवां एका पुस्तकांतील, मुलें दारिद्र्यामुळें घरांतून पळतात, या वाक्याखालीं तिनें पेन्सिलीनें रेघ मारली होती. "गुरुजी, हें अर्धेंच आहे," ती म्हणाली, आणि बालगृहांतील एका मुलाची हकीकत सांगूं लागली.