फोटोपायी झिजणारा स्फटिक

झाडाच्या पानात पाणी फोडून प्राणवायू मोकळा करणारे प्रथिनांचे एक यंत्र असते, फोटोसिस्टिम-२. त्याच्या गाभ्यात चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा झुबका असतो. जपानी संशोधकांनी २०११ साली या प्रथिनांचे स्फटिक बनवून सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी त्यांची रचना १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने टिपली. २०१५ मध्ये जपानच्याच ‘साक्ला’ या क्ष-किरण लेझरच्या फेम्टोसेकंदांच्या झोतांनी, किरणांची इजा पसरण्याआधीच, ती पुन्हा टिपली, तेव्हा मँगनीज अणूंमधली अंतरे ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी भरली. आधीचे चित्र रेखीव होते, पण थोड्या होरपळलेल्या वस्तूचे होते. किरणांची मात्रा किती असावी, हे म्हणूनच स्फटिकाला काय विचारायचे आहे त्यावरून ठरवायला हवे.

एक अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे किरण ०.१ मिलिमीटर जाडीच्या स्फटिकावर सोडले, तर सुमारे ९८ टक्के आरपार जातात. अडलेल्यांपैकी जेमतेम ८ टक्के विखुरून डिटेक्टरवर कामाचे ठिपके देतात, ज्यांवरून रचना काढली जाते. ८४ टक्के शोषले जाऊन इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते इलेक्ट्रॉन पुढे नासधूस करत सुटतात. स्फटिक १०० केल्विनपर्यंत गोठवला की ही नासधूस मंदावते, थांबत नाही. रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये शोषलेल्या मात्रेसाठी २ कोटी ग्रेची (ग्रे हे या मात्रेचे एकक) मर्यादा सुचवली. २००६ मध्ये एल्स्पेथ गार्मन आणि सहकाऱ्यांनी फेरिटिन या प्रथिनाच्या गोठवलेल्या स्फटिकांवर मोजून ३ कोटींची शिफारस केली. तिथे ठिपक्यांची तीव्रता सुमारे ७० टक्क्यांवर येते.

मग ठिपके ठळक आहेत तोवर काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण ठिपके सगळ्या स्फटिकाची सरासरी सांगतात. धातूंची ऑक्सिडीकरण-अवस्था आणि गंधकाचे जोडबंध त्याआधीच बिघडतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मात्रा कमी केली की दूरचे फिके ठिपके हरवतात. हे खरेच आहे. प्रथिनाची फक्त घडी पाहायची असेल, तर मर्यादेच्या जवळ जायला हरकत नाही. धातूच्या केंद्राबद्दल बोलायचे असेल, तर ‘रॅडोज-थ्रीडी’सारख्या संगणक-प्रणालीवर आधी मात्रेचा हिशेब मांडावा, झोत क्षीण करावा, मोठ्या स्फटिकावर तो सरकवत न्यावा, अनेक स्फटिकांची मोजमापे एकत्र करावीत. फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरमुळे तीच मात्रा शेकडो फिक्या चित्रांत विभागली, तरी वाचनाचा गोंगाट वाढत नाही. सगळ्यांनी लेझरच वापरावा म्हटले, तर अशी यंत्रे जगात मोजकी आहेत आणि त्यांचा झोत पडेल ती जागा जळून जाते. तिथेही स्फटिक खर्ची पडतोच. फक्त तो जळण्याआधी उत्तर देऊन जातो.