लाव्हारसाशी पाण्याची झुंज

आधणाला उकळी फुटली की त्यात तापमापी धरून पाहा. खाली शेगडी पेटलेलीच असते, तरी पारा १०० अंशांच्या आसपास थबकतो. मग उष्णता जाते कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. उकळत्या १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते. हाच अप्रकट उष्मा. या उष्म्याने एका गावाचे बंदर वाचवायला हातभार लावला, हे सांगितले तर खरे वाटेल?

आइसलँडच्या दक्षिणेला, ६३ अंश उत्तर अक्षांशावर हेमाए नावाचे चिमुकले बेट आहे. अटलांटिकच्या तळाशी भूपृष्ठाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांपासून दूर सरकत असतात. आइसलँड आणि आसपासची बेटे तेथील ज्वालामुखींनीच घडवली आहेत.

२३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर हेमाएवर गावाच्या अगदी कडेला जमीन दुभंगली आणि लाव्हारस उसळू लागला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मच्छीमार बोटी बंदरातच होत्या. त्याच रात्री त्यांतून सुमारे पाच हजार रहिवासी सुखरूप बाहेर पडले. पण लाव्हारस बंदराच्या तोंडाकडे सरकत होता. तोंड बुजले असते, तर मासेमारीवर जगणारे गावच संपले असते.

थॉरब्यॉर्न सिगुरगेरसन या पदार्थवैज्ञानिकाने लाव्हारसावर समुद्राचे पाणी मारण्याची कल्पना मांडली. बलाढ्य पंप आणले गेले. पाणी भेगांत झिरपे, त्याची वाफ होई आणि वाफ उष्णता घेऊन निघून जाई. पुढचा लाव्हारस थिजून दगड बने आणि मागच्या प्रवाहाला तोच बांध घाली. असे सुमारे ६० लाख टन पाणी ओतले गेले. उद्रेकाचा जोरही हळूहळू ओसरला व ३ जुलैला तो संपल्याचे जाहीर झाले. शेकडो घरे गाडली गेली, पण बंदर वाचले. इतकेच नव्हे, थिजलेल्या लाव्हारसाने त्याला वाऱ्यालाटांपासून अधिक आडोसा दिला! बेटही सुमारे २ चौरस किलोमीटरांनी वाढले.

उद्रेकातून उभा राहिलेला एल्डफेल, म्हणजे 'अग्निपर्वत', आज प्रवासी पायी चढतात. उंची अवघी २०० मीटर. माथ्यावरून एका बाजूला काळा लाव्हा, दुसऱ्या बाजूला रंगीत छपरांचे गाव दिसते. उन्हाळ्यात कड्यांवर पफिन पक्षी घरटी करतात. त्यांची पिले गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरली, की मुले त्यांना खोक्यात जपून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर सोडतात.

ती मुले ज्या गावात राहतात, ते गाव राखायला आधणातलेच विज्ञान धावून आले होते!