पोटाचा घेर मोजा, हृदय जपा



इंग्लंडमध्ये तीस वर्षे जी.पी. म्हणून काम करून मी निवृत्त झालो. तरीही रविवारी आरतीनंतर प्रसाद घेताना कोणी ना कोणी विचारतेच, "डॉक्टर, मी काही लठ्ठ नाही. मला हार्टची कसली भीती?"

हाच समज मलाही होता. वयाच्या ५८व्या वर्षी जिना चढताना माझ्या छातीवर दडपण येऊ लागले. रुग्णांना रोज उपदेश करणारा मी, स्वतःला मात्र 'ॲसिडिटी असेल' असे सांगत तीन आठवडे काढले. शेवटी पत्नीने हट्टाने तपासणीला नेले. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, स्टेंट बसवावे लागले. तेव्हा माझी उंची पाच फूट सहा इंच आणि वजन ६६ किलो होते. कोणीही मला जाड म्हटले नसते. पण पोटाचा घेर होता ३७ इंच!

आपल्या लोकांचे दुखणे नेमके इथे आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय हा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही, ते या एका छायाचित्राने दाखवले.

आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. त्यातही ती पोटात, यकृताभोवती साठते. ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे इन्शुलिनचे काम मंदावते, रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्तदाब चढतो, आणि रक्तवाहिन्यांना आतून इजा होते. त्यात परदेशी आल्यावर चालणे सुटले, गाडी आली, थंडीने घरात बसवले. ताटातली भाकरी-उसळ मागे पडली आणि सणासुदीचे तळण रोजचे झाले. म्हणूनच या देशात आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात आणि कमी वयात गाठतात.

यासाठी आपले आकडेही वेगळे आहेत. गोऱ्या माणसाला बीएमआय २५ झाल्यावर सावध करतात, आपल्याला २३ लाच सावध व्हायचे आहे. २७.५ म्हणजे मोठा धोका. कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंच) आत ठेवावा.

टेप नसेल तर साधा दोरा घ्या. आपल्या उंचीइतका कापा आणि मधोमध दुमडा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, तो पोटाभोवती गुंडाळा. पोट आत ओढू नका, देव बघतो आहे! दोऱ्याची टोके जुळली नाहीत, तर जी.पी.ची वेळ घ्या आणि रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्या. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या ज्यांना असा कोणताही आजार नाही, त्यांना एनएचएसकडून दर पाच वर्षांनी ही तपासणी मोफत मिळते. त्याहून वडील मंडळींनी आपल्या सर्जरीत विचारावे.

खाण्याबद्दल चारच गोष्टी सांगतो. भात-पोळी निम्मी करा, वरण-उसळ आणि भाजी वाढवा. दिवसभराचे सगळे मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत असावे, लोणचे-पापड त्यातच धरा. उपवासाला वाटीभर साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर चिवडा, म्हणजे 'एकादशी, दुप्पट खाशी'. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास करूच नये. साखर एकदम उतरली तर जीवावर बेतते.

सत्तरीपुढच्यांनी उपाशी राहून वजन उतरवू नये, त्याने स्नायू झिजतात आणि तोल जातो. जेवणानंतर दहा मिनिटे घरातल्या घरात चाला, खुर्चीचा आधार घेऊन उठा-बसा. बरे वाटले म्हणून बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. त्या चालू आहेत म्हणूनच बरे वाटते आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छातीवर दडपण, हात-जबडा-पाठीत कळ, दरदरून घाम, अचानक धाप, यांतले काहीही झाले तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. मधुमेही आणि स्त्रियांना कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही. लगेच ९९९ लावा. रात्री मुलांची झोप मोडेल म्हणून सकाळची वाट पाहणारे रुग्ण मी पाहिले आहेत. काहींची सकाळ झालीच नाही.

या सेवेसाठी मंदिरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आरतीनंतर मी टेप आणि बीपी यंत्र घेऊन बसणार आहे. दोन आणखी यंत्रांसाठी देणगीची गरज आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सर्जरीत नेणारे आणि इंग्रजी पत्रे वाचून समजावणारे स्वयंसेवकही हवे आहेत. नावे कार्यालयात नोंदवावीत. नैवेद्यासाठी मिठाईऐवजी फळे आणलीत, तर तीही सेवाच होईल.

आपणां सर्वांस उत्तम आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.