इंग्रजी शिक्षकांची सहविचार सभा : काय न्यावे, काय आणावे

माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांनी महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र बसावे व आपापल्या वर्गातील अनुभवांची देवघेव करावी, ही कल्पना नवी नाही. परंतु अशा पुष्कळशा सभांत प्रत्यक्ष घडते काय, हे पाहण्यासारखे आहे. सभेची वेळ अकराची असते. मंडळी बारापर्यंत जमतात. पहिला तास परिपत्रकांच्या वाचनात जातो. मग एखादे अनुभवी शिक्षक नमुना पाठ घेतात. पाठासाठी मुले निवडून बसवलेली असतात, चित्रे आदल्या रात्री जागून रंगवलेली असतात आणि पाठ उत्तम वठतो. चहा होतो, आभार होतात व जो तो एस. टी. स्टँडची वाट धरतो. दुसऱ्या दिवशी साठ मुलांच्या वर्गात उभे राहिल्यावर त्या पाठातील फारसे काही हाताशी येत नाही. यात पाठ घेणाऱ्याचा दोष नाही. नमुना पाठात शिक्षकाला दुसऱ्याचे यश दिसते; त्याची स्वतःची अडचण जिथल्या तिथे राहते.

ज्या सभा खरोखर उपयोगी पडतात त्या अडचणीपासून सुरू होतात. समजा, आठवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी दहा वह्या टेबलावर मांडल्या. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य सहा मुलांनी ‘टू मी टू ब्रदर्स आर’ असे लिहिले आहे. बाईंनी तांबड्या शाईने खोडले, नियम फळ्यावर दिला, शुद्ध वाक्य पाच-पाच वेळा लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मुले अभ्यासच करीत नाहीत, असे कोणीतरी म्हणतोच. पण वह्या हातोहात फिरू लागल्या की दुसऱ्या कोणाच्या तरी ध्यानात येते की, या मुलाने विचार केलेला आहे. मराठीत ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला ताप आहे’ या तिन्ही ठिकाणी ‘असणे’ हेच क्रियापद चालते व ते वाक्याच्या शेवटी येते. मुलाने तीच रचना इंग्रजी शब्दांत उतरवली. शिवाय भाऊ दोन म्हणून त्याने ‘इज’ न लिहिता ‘आर’ लिहिले, म्हणजे वचनाची जाणही त्याला आहे. त्याला ‘हॅव’ची गरज कधी पडलीच नाही, एवढेच. आता चूक कोठे आहे ते कळले, आणि उपायही त्याच दिशेने सुचतो.

तो उपाय असा. प्रत्येक मुलाने वहीत दोन रकाने आखावेत, पाच सोबत्यांना ‘हाऊ मेनी ब्रदर्स डू यू हॅव?’ असे विचारावे व मिळालेली संख्या नावापुढे मांडावी. उत्तर देणारा ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणतो. नंतर वर्गापुढे माहिती सांगताना ‘सीता हॅज टू ब्रदर्स’ असे म्हणावे लागते, आणि ‘हॅज’ आपोआप गरजेचे होते. पाच वेळा लिहिण्यापेक्षा पाच वेळा विचारणे मुलांना कितीतरी गोड लागते, कारण उत्तर आधी ठाऊक नसते.

धावते श्रुतलेखन हा असाच एक हातोहात गेलेला प्रकार. व्हरांड्याच्या भिंतीवर चार वाक्यांचा कागद लावतात, जोडीतील एकाने जाऊन वाक्य वाचायचे, ध्यानात धरून परत यायचे व दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. हे प्रथमच करणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात बहुधा गोंधळ उडतो. मुले बाकावरूनच ओरडतात व शेजारचा वर्ग बंद पडतो. म्हणून एका वेळी एकाच रांगेतील मुलांना सोडावे, हे शहाणपण सभेतूनच मिळते. परंतु ज्याच्या वर्गात गोंधळ झाला त्याने तो मोकळेपणाने सांगितला तरच. मागील सभेतून काय नेले व ते कोठे फसले, याला प्रत्येक सभेचा पहिला अर्धा तास द्यावा. परिपत्रके टपालानेही येतात.

वरून खाली येणाऱ्या प्रशिक्षणाचा अनुभव जुना आहे. 1960 च्या सुमारास मद्रास राज्यात प्रारंभिक इंग्रजी शिकवणाऱ्या सुमारे 27,000 शिक्षकांना नव्याने तयार करण्याची मोहीम निघाली. थोड्यांनी शिकावे, त्यांनी अधिकांना शिकवावे, अशी ती योजना घरंगळत मोठ्या होणाऱ्या बर्फाच्या गोळ्याच्या नावाने ओळखली गेली. एवढ्या संख्येला दुसरा मार्गही नव्हता. मात्र अशा उतरंडीत कृती खाली पोहोचते व तिच्यामागचे कारण वाटेत गळते. 1979 ते 1984 या काळात बंगळूरचा प्रयोग झाला तो वेगळ्या रीतीने. एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने काही शाळांत नकाशे, वेळापत्रके यांवरची कोडी मुलांपुढे ठेवून इंग्रजी शिकवले गेले व त्या पाठांची चर्चा होत राहिली. प्रभूंनी पुढे 1990 मध्ये असे मांडले की, सर्वांसाठी उत्तम अशी एकच पद्धत नसते. आपल्या कृतीने मूल कसे शिकते याची शिक्षकाच्या मनातील जाण जिवंत राहणे महत्त्वाचे. ही जाण गप्पांतून व वादांतून ताजी राहते. महाराष्ट्रात 2016 मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट व ब्रिटिश कौन्सिल यांनी सुरू केलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे असेच कृतिगट नऊ जिल्ह्यांत उभे राहिले होते.

येथे खेड्यातील प्राथमिक शिक्षकांचा संबंध येतो. राज्यात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे आठवीत येणारे मूल सात वर्षांचे इंग्रजी घेऊन येते. तरी हायस्कुलातील गुरुजी म्हणतात, खाली काही शिकवलेच नाही. आणि खालचे म्हणतात, आमची बोलकी मुले वर जाऊन मुकी झाली. दोघांची गाठ मात्र पडत नाही, आणि मधल्या मध्ये मूल मागच्या बाकावर जाऊन बसते. माध्यमिकच्या सभेला परिसरातील प्राथमिक शिक्षकांना बोलावणे म्हणूनच अगत्याचे आहे. कोणती गाणी मुलांना पाठ आहेत, कोणत्या सूचना ती ऐकून पाळतात, ‘कॅट’ वाचणारे मूल ‘नाइट’पाशी का अडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

सभेचे सारे कामकाज इंग्रजीतूनच व्हावे, असा काही उत्साही मंडळींचा आग्रह असतो. तो बरा नव्हे. आपले इंग्रजी चुकेल या धास्तीने अनुभवी माणूस गप्प बसतो, आणि वर्गातील मुलाचे जे होते तेच त्याचे होते. वर्गात वापरावयाची वाक्ये इंग्रजीत, चर्चा मराठीत, ही वाटणी पुरेशी आहे.

बारा-पंधरा माणसे पुरेत. अधिक झाली की भाषणे सुरू होतात. अधिकारी आल्यास त्यांनी मागील बाकावर बसावे. प्राथमिक शिक्षकांनी येताना पाच वह्या आणाव्यात, त्याही केवळ हुशार मुलांच्या नकोत. वह्यांवरील नावे मात्र कागद चिकटवून झाकावीत.