संकल्पातले आकडे

अंगारकीला जालना–भोकरदन रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. राजूरचा गणपती साडेतीन पीठांपैकी एक. गणेशपुराणातल्या वरेण्य राजाचं गाव हेच आणि गजाननानं त्याला गणेशगीता सांगितली ती इथेच, ही इथली श्रद्धा. अभिषेकाला बसलं की गुरुजी आधी संकल्प सांगतात. त्यात आपल्या नाव-गोत्राच्या अगोदर काळाचा पत्ता येतो: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग. आपलं लक्ष तोवर बाहेर काढलेल्या चपलांकडे.

या पत्त्याचा हिशेब मांडता येतो. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. आकडे जवळ आले की व्हॉट्सॲपवर ऋषींचा जयजयकार सुरू! पण ४३२ कोटी ही अख्ख्या दिवसाची लांबी झाली. त्यातला किती सरला, तेही संकल्पातच आहे. सहा मन्वंतरं संपली, सातव्यातली सत्तावीस महायुगं उलटली, अठ्ठाविसाव्यातलं कलियुग चालू आहे. बेरीज येते सुमारे १९७ कोटी. ज्यांना जुळणी हवी असते, ते ही बेरीज करत नाहीत. राजूरच्या मातीखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, हे खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजलेलं. संकल्पातला काळ असा मोजून आलेला नाही.

विश्वाचं वय आज १३८० कोटी वर्षं धरतात. गंमत अशी की, विश्वाला सुरुवात होती ही कल्पना १९३१ मध्ये मांडली ती बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी. १९५१ मध्ये पोपनी त्यात ईश्वरी निर्मितीचा आधार पाहिला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. सुरुवात नाकारणारे फ्रेड हॉईल तर देव न मानणारे. ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये रेडिओवर बोलता बोलता दिलं.

हॉईल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी म्हणजे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. १९६५ मध्ये विश्वातून सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह नवं प्रारूप मांडलं: विश्वाला आरंभ नाही, ते कोट्यवधी वर्षांच्या आवर्तनांत फुगतं-आक्रसतं. हे कल्पांसारखंच झालं की, असं कुणालाही वाटावं. पण त्यांचा सगळा वाद प्रारणाशी, हेलियमच्या प्रमाणाशी, दीर्घिकांच्या वयाशी होता. तो बहुमताला पटला नाही. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हाही नव्हता.

ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर सृष्टी कुठून आली हे तिच्या अधिष्ठात्यालाही ठाऊक असेल किंवा नसेल, असं म्हणून थांबतं. अभिषेकात मात्र ते म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.