झारचं दारूदुकान

दारावर दुतोंडी गरुडाची सरकारी पाटी. आत गल्ल्यावर जाळी आणि जाळीमागे सरकारी पगारावरची विक्रेती. पुष्कळदा एखाद्या कारकुनाची विधवा. बाटल्या लाखेनं सीलबंद. बसायला बाक नाही, प्यायला पेला नाही, सोबत तोंडात टाकायला काकडीची फोडही नाही. पैसे मोजायचे, बाटली घ्यायची आणि बाहेर पडायचं. गिऱ्हाईक बाहेर पडायचं, पण घरी जायचं नाही. भिंतीवर लाख फोडायची, बाटलीच्या बुडावर तळव्याची थाप मारून बूच उडवायचं, उभ्याउभ्या ती रिकामी करायची आणि परत आत जाऊन रिकाम्या बाटलीचे पैसे घ्यायचे. गुत्त्यातला दारुडा रस्त्यावर आला, एवढाच फरक.

लोक या दुकानाला आणि त्यातल्या दारूला ‘काझ्योन्का’ म्हणत, म्हणजे सरकारी. स्वस्त बाटलीची लाख लाल, जास्त शुद्ध केलेलीची पांढरी. सगळ्यात छोटी बाटली जेमतेम 60 मिलीलिटरची. तिला ‘मेर्झावचिक’ असं लाडाचं नाव होतं. बदमाश पोरगं म्हणा हवं तर. झारशाही का कोसळली हे सांगताना आपण रास्पुतिन, लेनिन, हिवाळी राजवाडा इथपर्यंत चटकन पोचतो. मला त्या जाळीच्या गल्ल्यापाशी थांबावंसं वाटतं, कारण साम्राज्याचा जमाखर्च तिथं उघडा दिसतो.

दारूवर राज्य चालवणं रशियाला नवं नव्हतं. 1863पर्यंत दारूविक्रीचा मक्ता लिलावानं दिला जाई; मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरत आणि मग गावं पिळून काढत. 1858-59मध्ये कित्येक प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या, गुत्ते फोडले, तेव्हा बंदोबस्ताला लष्कर धाडावं लागलं. प्रजा पीत नाही म्हणून सरकारनं सैन्य पाठवावं, यातच सगळं आलं. पुढं मक्ता गेला आणि अबकारी कर आला. 1887मध्ये युरोपीय रशियातली डोईपट्टी बंद झाली. श्रीमंतांवर प्राप्तिकर बसवायची सरकारची हिंमत नव्हती. तेव्हा भार पडला साखर, काडेपेटी, रॉकेल आणि मुख्यतः व्होडकावर.

अर्थमंत्री सर्गेई विट्टे यानं 1894मध्ये हा धंदाच सरकारच्या हाती घेण्याचा कायदा करवून घेतला. पुढच्या वर्षी पेर्म, उफा, ओरेनबुर्ग आणि समारा या चार प्रांतांत सुरुवात झाली आणि दहाएक वर्षांत बहुतेक साम्राज्य या व्यवस्थेखाली आलं. कच्चा मद्यार्क खासगी भट्ट्यांतूनच येई आणि त्यात जमीनदारांचं भलं होई. सरकार तो ठरलेल्या भावानं विकत घेई, आपल्या गोदामांत शुद्ध करी, 40 टक्क्यांवर आणून बाटल्यांत भरी. (हे 40 टक्के मेंडेलीव्हनं शोधले, ही दंतकथा. त्याचा 1865चा प्रबंध मद्यार्क आणि पाण्याच्या मिश्रणावर आहे, व्होडकावर नाही.)

विट्टेचा दावा होता की हेतू महसुलाचा नाही, लोकांना सभ्यपणे प्यायला शिकवण्याचा आहे. या व्यवस्थेबरोबरच मद्यसंयमाच्या समित्याही नेमल्या गेल्या. त्यांनी चहाघरं, वाचनालयं, लोकांसाठी नाटकगृहं काढली; पीटर्सबर्गचं ‘नरोदनी दोम’ हे त्यांतलं सर्वांत भव्य. काम वाईट नव्हतं. पण एका खिशातून दारू विकायची आणि दुसऱ्या खिशातून चहा पाजायचा, यात कुठला खिसा जड होता ते आकड्यांवरून कळतं. 1913मध्ये या मक्तेदारीची ढोबळ आवक सुमारे 90 कोटी रूबल होती. राज्याचं एकूण साधारण उत्पन्न 340 कोटींच्या आसपास. म्हणजे चौथा हिस्सा, खर्च वजा न करता. रेल्वे, तोफा, परदेशी कर्जांचं व्याज, सगळ्यांत तिचा वाटा होता.

याची राजकीय किंमत मात्र जमाखर्चात दिसत नव्हती. पूर्वी शिव्या मक्तेदाराला बसत, आता थेट गरुडाला. 1905च्या क्रांतीच्या धामधुमीत सरकारी दारूदुकानं ठिकठिकाणी फोडली गेली. ड्युमा ही संसद आल्यावर समाराचा प्रतिनिधी मिखाईल चेलिशेव यानं हा विषय लावून धरला. बाटलीवर गरुडाऐवजी कवटी आणि हाडं छापावीत, इथवर सूचना गेली. 1914च्या जानेवारीत राज्यपरिषदेत अर्थमंत्री कोकोव्त्सोव्हवर जनतेला दारू पाजून तिजोरी भरल्याचा हल्ला चढवला तो, दुसऱ्या कुणी नाही, खुद्द विट्टेनं! कोकोव्त्सोव्ह गेला, बार्क आला. रोमानोव घराण्याच्या त्रिशताब्दीच्या दौऱ्यात दारिद्र्य आणि व्यसन पाहून झार निकोलस हळहळला होता, आणि त्यानं बार्कला त्या अर्थाचं फर्मानही दिलं.

मग महायुद्ध आलं. 1904च्या जपान युद्धात झिंगलेल्या राखीव सैनिकांनी भरतीचा बोजवारा उडवला होता. म्हणून जुलै 1914मध्ये भरतीपुरती दुकानं बंद झाली. निरोपाची बाटली मिळेना म्हणून भरतीवाल्यांनी दुकानं फोडली. सायबेरियात बर्नाऊल शहरात या दंगलीत जाळपोळ झाली. तरी एकूण भरती सुरळीत झाली, सरकार खूश झालं आणि ऑगस्टमध्ये बंदी युद्ध संपेपर्यंत वाढली. पाठोपाठ झारनं एका मद्यपानविरोधी संघटनेला पाठवलेल्या तारेत कळवून टाकलं की सरकारी व्होडका कायमची बंद करायचं ठरलं आहे. उत्पन्नाचा चौथा हिस्सा, तोवरच्या इतिहासातलं सर्वांत खर्चिक युद्ध, आणि निर्णय एका तारेत. निर्णय भल्या हेतूचा होता, यात शंका नाही. पण एकतंत्री राज्य म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

1915मध्ये व्होडकाची आवक जवळजवळ आटली. प्राप्तिकराचा कायदा झाला 1916मध्ये, अंमल 1917पासून. तोवर उशीर झाला होता. खड्डा भरला तो कर्जांनी आणि छापखान्यानं. युद्धाच्या सुरुवातीला चलनात सुमारे 160 कोटी रूबलच्या नोटा होत्या, 1917 उजाडताना 900 कोटींच्या वर. ही सगळी महागाई व्होडकाबंदीची नव्हे; युद्धाचा अवाढव्य खर्च आणि सोन्याशी तुटलेला रूबल ही मोठी कारणं होतीच. पण बंदीनं तिला हातभार लावला, आणि शहरातल्या माणसाच्या नजरेला एक गोष्ट खुपली: पहिल्या दर्जाच्या रेस्तराँमध्ये साहेबांना वाइन मिळत होती. गरिबानं पॉलिश, कलोन, स्पिरिट पोटात घातलं. खेड्यात हातभट्टी लागली. बाजारात नांगराचा फाळ नाही, कापड नाही, नोटेला किंमत नाही. मग शेतकऱ्यानं सरकारी भावानं धान्य विकावंच कशाला? काही कणगीत राहिलं, काही हातभट्टीत गेलं. जे निघालं ते खिळखिळ्या रेल्वेवर अडलं. फेब्रुवारी 1917मध्ये पेत्रोग्रादच्या, म्हणजे पूर्वीच्या पीटर्सबर्गच्या, बायका पावासाठी रांगेत उभ्या होत्या, त्या रांगेमागची ही साखळी. 23 तारखेला, नव्या पंचांगानं 8 मार्चला, त्या रस्त्यावर उतरल्या. आठवड्याभरात झारनं प्स्कोव्हला आपल्या आगगाडीच्या डब्यात राजत्यागावर सही केली.

त्याच वर्षी पुढं लेनिनच्या बोल्शेविकांनी हिवाळी राजवाडा घेतला तेव्हा त्यांची खरी दमछाक तिथल्या दारूच्या तळघरांनी केली. पहारा बसवला की पहारेकरीच झिंगायचे. पलटणी बदलल्या तरी तेच. दारूबंदी त्यांनीही चालू ठेवली. पण उद्योग उभारायला पैसा हवा होता, आणि परदेशी भांडवलदारांच्या दावणीला बांधून घेण्यापेक्षा व्होडका पत्करली, असा हिशेब स्टालिननं पुढं मांडला. 1925मध्ये 40 टक्क्यांची बाटली सरकारी दुकानांत परतली. लोकांनी तिला सरकारप्रमुख अलेक्सेई रिकोव्हचं नाव दिलं: रिकोव्का.